मिक्सिंगचा कॉम्प्युटर

"एवढं धूड घेऊन ठेवायचं कुठं, माझ्या उशाला?"

हे माझ्याशी बोलणं नव्हतं, ओम्नीच्या काचेशी होतं. पण मागच्या सीटवर आम्ही नवरा-बायको आणि मधे लाइटच्या स्टँडची पिशवी, एवढ्याशा जागेत काचेला जे ऐकू जातं ते बायकोलाही जातं.

"काय म्हणालात?"

"काही नाही. ऊन लागतंय म्हणालो."

"मग इकडं सरका."

"कुठं सरकू? पिशवी आहे."

गाडी चालवणारे इसाकभाई आरशातून बघत होते. "पिशवी पुढं घेऊ का, दादा?"

"राहू दे. तीच बरी आहे मधे."

इसाकभाई ह्यांचे लाइटवाले. मी सून म्हणून बार्शीला यायच्या आधीपासून ते लग्नालग्नांत ह्यांच्या कॅमेऱ्यामागं लाइट धरून उभे. आमच्या स्वतःच्या लग्नातसुद्धा लाइट त्यांच्याच हातात होता आणि नवरदेव बोहल्यावरून भाड्याच्या कॅमेरावाल्याला अँगल सांगत होता. माझ्या वडिलांनी त्यावरून जन्मभर टोमणे मारले.

आम्ही सोलापूरला निघालो होतो, मिक्सिंगसाठी नवीन कॉम्प्युटर घ्यायला. डीव्हीडीचे दिवस होते ते. हे लग्नांचं शूटिंग करायचे आणि मिक्सिंग मी करायची. म्हणजे नको ते कापायचं, हवं ते जोडायचं, गाणी टाकायची, सुरुवातीला गणपती फिरवायचा आणि शेवटी नवरी गाडीत बसली की सनई लावायची. मला कुणी शिकवलं नाही. आधी आमच्या कॅसेटी सोलापूरला जायच्या. तिथला माणूस प्रत्येक नवरीच्या मागं तोच एक धबधबा सोडायचा. आमच्याकडं प्यायला पाणी दिवसाआड, आणि नवरीच्या मागं धबधबा. ते बघून बघून मला राग आला, आणि घरात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मी एकेक बटण दाबून बघत गेले. बिघडलं की मागं यायचं, परत दाबायचं. स्वयंपाक तरी ह्याहून वेगळा कुठं शिकले होते?

तो कॉम्प्युटर आता म्हातारा झाला होता. नवीन घ्यायचा, इथपर्यंत घरात एकमत होतं. भांडण पुढं होतं. ह्यांनी कुर्डुवाडीच्या एका फोटोग्राफरकडं छोटा डेस्कटॉप बघितला होता, पोळ्यांच्या डब्याएवढा, स्क्रीनच्या पाठीमागं अडकवता येणारा. तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. मला पाहिजे होता मोठा, ताकदीचा, आत वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेला.

"त्या छोट्यात काय कमी आहे, ते तरी सांग," वैरागच्या अलीकडं ते परत सुरू झाले. आता काचेशी नव्हे, माझ्याशी.

"कमी असं काही नाही."

"मग?"

"मोठा बरा असतो."

"कशानं बरा असतो?"

"जोर असतो त्याला."

"आपल्याला काय त्याच्याकडून कारखान्याला ऊस ओढून घ्यायचाय?"

इसाकभाई हसले आणि लगेच खोकायला लागले, म्हणजे मी हसू मोजू नये.

"लाइट गेली की छोटा इन्व्हर्टरवर निवांत चालतो. मोठा लावला की इन्व्हर्टर बसलाच म्हणून समज. आणि ठेवणार कुठं? आईच्या खाटेखाली?"

"आत्यांची खाट मी सरकवते."

"आई सरकू देईल?"

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणायची, आणि आत्यांची खाट ही आमच्या घरातली एकमेव गोष्ट होती जी गणपतीतसुद्धा हलत नव्हती. मी बाहेर बघायला लागले. बाहेर काही बघण्यासारखं नव्हतं. तुरी काढून झालेली रानं, उन्हात पांढरी पडलेली. माझी बोटं पर्सची चेन लावत होती, काढत होती. कारण माझ्यापाशी होतं. रोज जिभेपर्यंत यायचं, रोज गिळायची.

त्या एप्रिलात वैरागच्या भूमकरांचं लग्न व्हायचं होतं. आम्हाला मिळालेलं आजवरचं सगळ्यांत मोठं काम. त्यांची अट एकच होती. लग्न झालं की पाठोपाठ घरी सत्यनारायण, आणि पूजेच्या दिवशी जेवणं उरकली की मांडवात पडदा लावून सगळ्या भावकीला लग्न दाखवायचं. म्हणजे लग्न आणि पूजा ह्यांच्या मधल्या वेळात मिक्सिंग पुरं व्हायला पाहिजे. भूमकरांची भावकी म्हणजे निम्मा तालुका. काम नावाजलं गेलं तर पुढच्या सालची लग्नं त्या मांडवातच मिळणार होती. आणि फजिती झाली तर तीही तिथंच, पडद्यावर, भिंतीएवढी. नुसतं कापायचं-जोडायचं मिक्सिंग छोट्या कॉम्प्युटरवर तेवढ्या वेळात झालं असतं. मी जे करत होते, ते झालं नसतं.

वैरागला स्टँडसमोर चहाला थांबलो. हॉटेलवाल्यानं काठोकाठ भरलेले कप आणून ठेवले. इसाकभाईंनी आपला उचलला, मी माझा. ह्यांनी कपाकडं बघितलं, मग रस्त्याकडं.

"घ्या की," हॉटेलवाला म्हणाला. "गार होतोय."

"मला गारच आवडतो."

ह्या माणसाला लग्न झाल्यापासून मी उकळता चहा पिताना बघत आले होते. चहातून वाफ येईनाशी झाली की कप परत पाठवणारा माणूस.

इसाकभाईंनी घाईघाईनं दोन मोठे घोट घेतले. जीभ पोळली असणार, डोळ्यांत पाणी आलं. मग तोंड वाकडं करून म्हणाले, "दादा, माझा लय गोड झालाय. तुमच्यातला जरा मला द्या, म्हणजे बेताचा होईल." आणि उत्तराची वाट न बघता ह्यांच्या कपातला निम्मा चहा आपल्या कपात ओतून घेतला.

एकाच किटलीतला चहा. एक कप गोड आणि दुसरा फिका कसा होणार? ह्यांनी राहिलेला अर्धा कप दोन्ही हातांनी धरला, मान खाली नेली आणि चहा संपवला. हॉटेलवाला बघत होता. इसाकभाई त्याला म्हणाले, "बिस्किटं कुठली आहेत?" आणि त्याला आत धाडलं.

ह्यांचा उजवा हात थरथरत होता.

कधीपासून, ते मला नेमकं सांगता येणार नाही. मला तो हातात दिसला नव्हता, स्क्रीनवर दिसला. ह्यांचा एक शॉट होता. अंतरपाटाआड उभ्या नवरीच्या पावलांवरून कॅमेरा निघायचा, जोडव्यांवरून निऱ्यांवर, तिथून हातातल्या हाराशी क्षणभर थांबून वर मुंडावळ्यांपर्यंत. एका श्वासात, कुठंही न अडखळता. बार्शीत बायका म्हणायच्या, लोकरेंच्या कॅमेऱ्यात काळी पोरगीसुद्धा लक्ष्मी दिसते. एका लग्नाच्या मिक्सिंगला बसले आणि तो शॉट आला, तर नवरी पाण्याच्या हौदात बघावी तशी. आधी मला वाटलं केबल सैल आहे. केबल बदलली. मग वाटलं, खांद्यावरचा जुना कॅमेरा जाऊन हातात धरायचा नवीन आलाय, सवय नाही अजून. पुढच्या लग्नातही तसंच. त्याच्या पुढच्याही. मग एके दिवशी जेवताना ह्यांनी आमटीची वाटी उचलली आणि परत ठेवली, आणि मी ताटाकडं बघत राहिले.

"डॉक्टरला दाखवू या का?" असं मी एकदाच म्हटलं. कशाबद्दल, तेही म्हटलं नव्हतं.

"उन्हाचं होतं तसं," ते म्हणाले, आणि त्यानंतर बरेच दिवस आमच्या पंक्तीला बसले नाहीत. घराच्याच पुढच्या खोलीत फोटोचं दुकान होतं, तिथं ताट मागवायचे आणि शटर निम्मं ओढून जेवायचे.

ह्यांना उन्हाची भीती नव्हती. माझे सासरे पेंटर होते, बार्शीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. त्यांचाही हात असाच झाला होता. एक दिवस एका दुकानदारानं पाटीकडं बघून सगळ्यांसमोर म्हटलं, "अण्णा, आता तुमचा हात हलतो. राहू द्या." अण्णांनी ब्रश धुतले, ओट्यावर येऊन बसले आणि मग मरेपर्यंत तिथंच बसले. हे मला आत्यांनी सांगितलं होतं. ह्यांनी कधीच नाही.

म्हणून घरात कुणी बोलत नव्हतं. जो तो आपापल्या परीनं सांभाळत होता. आत्या ह्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या निम्माच भरून ठेवायच्या, आणि कुणी बघितलं तर म्हणायच्या, पाणी कमी आलंय आज. इसाकभाई कॅमेरा मांडवापर्यंत स्वतः न्यायचे आणि जमेल तिथं ट्रायपॉड पुढं करायचे, "दादा, पाठीला आराम." आणि मी दुपारी, ते पुढं दुकानात पासपोर्ट फोटो काढत असले की मागं बसून चित्र सरळ करत होते.

त्यासाठी सॉफ्टवेअरमधे एक इफेक्ट असतो, स्टेबिलायझर नावाचा. हलणारं चित्र स्थिर करतो. तो मला असाच बटणं दाबता दाबता सापडला. पण तो एकेक चित्र निरखून बघत बसतो, आणि आमच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला एका नवरीच्या गळ्यात हार घालायला अख्खी दुपार लागायची. शिवाय त्याची एक खोड होती. चित्र स्थिर करायचं म्हणजे तो कडेचं थोडं थोडं कापून टाकायचा. मला वाटायचं, कडेला असतं काय? मांडवाचे खांब.

एका लग्नात कडेला मामा होता.

नवरीचा मामा. आमच्याकडं तो भाचीला धरून अंतरपाटामागं उभा राहतो, लग्नातला सगळ्यांत मोठा मान त्याचा. उपळ्याचे सर्जेराव म्हणून गृहस्थ, मिशा अशा की दाराला आडव्या लागतील. ते डीव्हीडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दुकानात आले.

"लोकरे, मला एक सांगा. माझ्या भाचीच्या लग्नात मी होतो का नव्हतो?"

"होता की," हे म्हणाले. "तुमचा फेटा मीच सरळ केला."

"मग ह्यात माझं कोपर आहे. बाकीचा मी कुठं आहे?"

हे चक्रावले. त्यांनी मामांना चौकटीत नीट धरलं होतं, ते त्यांना पक्कं आठवत होतं. असल्या गोष्टी ते कधी विसरायचे नाहीत. मी आतून ऐकत होते, हात पिठाचे. पुढं येऊन म्हणाले, "माझ्याकडून कापलं गेलं, मामा. बसा, आत्ता जोडून देते." आणि त्यांना मागं कॉम्प्युटरपाशी नेऊन त्या शॉटवरचा इफेक्ट काढून टाकला. दुसरा उपायच नव्हता. मामा परत चौकटीत आले, मिशा, फेटा, सगळं. आणि सगळंच्या सगळं थरथरायला लागलं.

मामा स्क्रीनजवळ वाकले. आत्याही खाटेवरून उठून दारात येऊन उभ्या होत्या. हे माझ्या खुर्चीमागं.

"आता दिसतोय," मामा म्हणाले. मग हळू आवाजात, "पण मी एवढा हलत होतो का ओ?"

"भाची सासरी निघाली," आत्या दारातून म्हणाल्या. "माणूस हलणार नाही तर काय. तुमचं काळीज मऊ आहे, त्याला काय करणार."

सर्जेराव मामांनी डोळे पुसले. "खरं आहे," म्हणाले. "लहानाची मोठी मी केली तिला." आणि ती डीव्हीडी तशीच द्या, काही सरळ-बिरळ करू नका, म्हणाले. जाताना आत्यांच्या पाया पडून गेले.

हे माझ्या खुर्चीमागं तसेच उभे होते. मी मागं वळून बघितलं नाही. मला फक्त ऐकू आलं, ते पुढं गेले आणि कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन लावली. त्यानंतर आठवड्यातच त्यांनी छोट्या कॉम्प्युटरचा विषय काढला. का, ते मला कळत नव्हतं. त्यांनी शूटिंग सोडायचं मनात धरलंय म्हणून मोठा नको, की मी काय करते ते कळलंय आणि ते बंद पाडायचंय म्हणून नको? विचारलं असतं तर हात आला असता बोलण्यात. म्हणून आम्ही खाटेवरून भांडत होतो.

सोलापुरात नव्या पेठेत येमूलांचं दुकान जिन्यावर होतं. येमूल गोरापान, घामेजलेला, गोड बोलणारा माणूस. आमचा पहिला कॉम्प्युटर त्यांच्याकडचाच.

"या लोकरेसाहेब, या वहिनी. पाणी घ्या थंड."

ग्लास भरलेले होते. हे म्हणाले, "आत्ताच चहा झाला."

टेबलावर दोन्ही कॉम्प्युटर मांडून ठेवले होते. छोटा खरंच देखणा होता, काळा, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मोठ्याच्या पोटात निळे दिवे लागले होते आणि पंखा घुमत होता. मला तो बघूनच आवडला. आमच्याकडच्या वळूसारखा दिसत होता.

"काम काय काय करता, सांगा बघू," येमूल म्हणाले.

"लग्नाचं मिक्सिंग," हे म्हणाले. "कापायचं, जोडायचं, गाणी टाकायची, डीव्हीडी मारायची."

"मग हा छोटा भरपूर झाला की."

"झालं," हे म्हणाले आणि खुर्चीत मागं टेकले.

"पण येमूलसाहेब, मोठ्याला कसं..." मी म्हणाले.

"वहिनी, तुम्ही फोनवर म्हणाला म्हणूनच मी मोठा काढून ठेवलाय. आता मोठा खपला तर मलाच बरं, माझा धंदा आहे. पण साधं मिक्सिंग असेल तर कशाला उगं घेता?"

"कुठला फोन?" हे म्हणाले.

येमूलांना कळलं आपण काय केलं. ते केबल गुंडाळायला लागले, जी आधीच गुंडाळलेली होती.

"मी केला होता," मी म्हणाले.

"कधी?"

"तुम्ही दुकानात होता. शाळेच्या पोरांचे फोटो चालले होते."

"काय म्हणालीस?"

"मोठा चांगला आहे असं तुम्हाला सांगा, म्हणाले."

इसाकभाई माउसच्या पॅडवरची चित्रं बघायला सरकले. तिथं ताजमहाल होता, मांजर होतं, ते मांजर त्यांना फारच आवडलेलं दिसलं.

"असं करू," येमूल म्हणाले. बिचारे मनापासून मदत करत होते. "वहिनी, मिक्सिंग तुम्ही करता. तुमचा वेळ कशात जातो? ते कळलं की मला नीट सांगता येईल."

"इफेक्टमधे."

"कुठल्या?"

"असाच आहे एक. चित्र चांगलं दिसायचा."

"रंग सुधारायचा?"

"तसंच."

"त्याला छोटा पुरतो. टायटल फिरवता का, थ्रीडी?"

"फिरवते कधी कधी."

"तेही होतं ह्याच्यावर. आता स्टेबिलायझर असता तर मी स्वतः म्हणालो असतो, मोठा घ्या, तो मशिनचा जीव काढतो. पण तुम्हाला कशाला लागतोय तो? धावत्या गाडीतून काढलं, होडीतून काढलं, तर ते लावतात. लग्नात कोण धावतंय?"

मी पर्सची चेन उघडली. आत काय शोधायचं ते आठवेना, म्हणून बंद केली. माझ्या मनात भूमकरांचा मांडव उभा राहिला होता. पंगती उठल्यात, पडदा लागलाय, आणि पडद्यावर नवरीचे हात. कुणीतरी पुढच्या सतरंजीवरून मोठ्यानं म्हणतंय, "लोकरे, तुमचा हात..." मला वाटलं, इथंच रडून घ्यावं आणि मोठा घेऊन जावा. बाई रडली की दुकानदार काही विचारत नाहीत. पण रडूही येईना.

"छोटाच द्या," मी म्हणाले. "राहू दे. छोटाच द्या."

येमूल उठले. "बॉक्स काढायला सांगतो."

"थांबा," हे म्हणाले.

त्यांनी शर्टाच्या खिशातून पेनड्राइव्ह काढला. घरून निघताना त्यांनी तो कधी घेतला, मी बघितलं नव्हतं.

"ह्यात काय आहे?" मी विचारलं.

"पांगरीचा साखरपुडा. तुझ्याकडं अजून दिला नाही." मग येमूलांना म्हणाले, "हे दोन्हीवर लावून बघू. मग ठरवू."

"द्या इकडं, लावतो."

"मी लावतो."

ते खुर्ची सोडून मोठ्या कॉम्प्युटरपाशी गेले, वाकले आणि पेनड्राइव्ह पुढच्या खाचेला लावला. तो खाचेला लागला आणि घसरला. परत लावला. पत्र्यावर बारीक टकटक व्हायला लागली, एखादा पक्षी काचेवर चोच मारतो तशी. पेनड्राइव्ह खाचेच्या ह्या बाजूला, मग त्या बाजूला. येमूल पंख्याच्या रेग्युलेटरकडं बघत होते. इसाकभाईंनी मांजराचं पॅड उलटं केलं आणि मागची बाजू वाचायला घेतली. मी माझे दोन्ही हात मांडीखाली घालून बसले, कारण ते पुढं जायला बघत होते. किती वेळ गेला कोण जाणे. ह्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, आणि पेनड्राइव्ह आत गेला.

त्यांनीच माउस घेतला. फाइल उघडली.

स्क्रीन नवीन, मोठी, लख्ख. पांगरीची पोरगी पाटावर बसलेली, समोर साखरेच्या पुड्याचं ताट, मुलाकडची एक बाई तिच्या बोटात अंगठी घालत होती. पोरगी थरथरत होती. बाई थरथरत होती. ताट, साखर, हळदीकुंकवाची कोयरी, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर. इतक्या स्वच्छ उजेडात मी ते कधी बघितलं नव्हतं. आमच्या जुन्या स्क्रीनवर ते जरा तरी झाकलं जायचं.

पंखा घुमत होता. कुणीतरी काहीतरी म्हणायला पाहिजे होतं.

"गर्दी होती वाटतं," येमूल म्हणाले.

"लय गर्दी," इसाकभाई लगेच म्हणाले. "मागनं पोरं नुसती ढकलत होती. माझाच धक्का लागला दादांना, दोनदा लागला."

"कॅमेराच हलका आहे तो," मी म्हणाले. "नवीन आहे. हातात बसत नाही नीट."

"नवीन कॅमेऱ्यांत असतो असा प्रॉब्लेम," येमूल म्हणाले. "लेन्सचा असतो. मी परवाच एकाकडं..."

अंगठी बोटात गेली. बायका हसल्या. चित्र संपलं आणि शेवटच्या जागी थांबलं. आता पडद्यावर काही हलायला नको होतं, पण माउसचा बाण हलत होता. पोरीच्या कपाळावर, डावीकडं-उजवीकडं, डावीकडं-उजवीकडं. इथं गर्दी नव्हती आणि कॅमेराही नव्हता. आम्ही सगळे त्या बाणाकडं बघत होतो, आणि हात खिशात घालायचा सोडून ह्यांनी तो माउसवर तसाच ठेवला होता, सगळ्यांचं बघून होईपर्यंत.

मग त्यांनी मान वळवली.

"गर्दी नव्हती, इसाक. तू तर पार भिंतीशी उभा होतास." माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. दमून घरी आलेला माणूस दार उघडणाऱ्याकडं बघतो, तसं. "कॅमेराही चांगला आहे, हेमा. मी निवडून घेतलाय तो."

आणि येमूलांना म्हणाले, "माझा हात थरथरतो. त्याला ह्यातला कुठला लागंल, ते सांगा."